परभाषेचें पहिलें पुस्तक

मराठी सुशिक्षितांच्या घरीं पोथी आणि पंचांग सोडल्यास ज्या पुस्तकाचीं पानें हाताळून हाताळून सर्वांत अधिक मऊ पडलीं असतील, तें पुस्तक तर्खडकरांची भाषांतरपाठमाला होय. आजोबांनीं ती पाठ करावी, वडिलांनीं तिच्यापायीं मास्तरांच्या छड्या खाव्या, आणि नातवानें तिचें नांव निघतांच हंसावें, असा क्रम चालत आला आहे. पुस्तकांच्या दुकानांत ती अद्याप मिळते. यावरून हंसणाऱ्यांइतकेच विकत घेणारेही असावेत, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. तिच्यांतील वाक्यांची थट्टा करणें हा तर आमच्याकडे एक ठराविक विनोद होऊन बसला आहे. परंतु परभाषेचा ओनामा करणाराच्या हातीं पहिलें पुस्तक कोणतें द्यावें, या प्रश्नाला तिनें जें उत्तर दिलें तें कितपत खरें ठरलें, याचा शांतपणें विचार थट्टेच्या ओघांत मागेंच पडला. तो विचार येथें करावयाचा आहे. आणि तो करतांना आमच्या डोळ्यांपुढें पुण्यामुंबईचा विद्यार्थी नसून वर्धा जिल्ह्यांतील आर्वी गांवचा विद्यार्थी आहे. हा पक्षपात आम्ही जाणूनबुजून करीत आहों. त्याचें कारण पुढें आपोआप कळून येईल.

प्रथम पुस्तकाची रचना पाहूं. धड्याच्या आरंभीं कांहीं शब्द, त्यामागून मराठींत सांगितलेला एखादा नियम, आणि त्याखालीं या भाषेंतून त्या भाषेंत व त्या भाषेंतून या भाषेंत करावयाचीं वाक्यें; पुढील धड्यांत नियम नवा आणि मागले शब्द नव्या रूपांत पुन्हा हजर. बांधणी साधी आहे, परंतु तिच्या पायांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही कीं, शिकावयास बसलेला मनुष्य रिकामा नाहीं. त्याच्यापाशीं एक सबंध भाषा अगोदरच आहे, आणि दुसरी भाषा तो या पहिलीच्या खांद्यावर उभा राहूनच पाहणार.

प्रत्यक्ष पद्धतीचे अभिमानी नेमकी हीच गोष्ट नाकारतात. मूल आईची भाषा ऐकून शिकतें, तशीच परभाषाही ऐकूनच शिकवावी, वर्गांत मातृभाषेचा शब्दही येऊं देऊं नये, असें त्यांचें म्हणणें. ऐकावयास हें गोड लागतें. परंतु आईची भाषा शिकणारें मूल जागेपणाचे सर्व तास तिच्यांत बुडालेलें असतें, आणि तिच्यावांचून त्याला पाणीही मागतां येत नाहीं. शाळेंतली परभाषा दिवसाकांठीं एखादा तास भेटते, आणि घंटा झाली कीं निघून जाते. दोहोंची तुलना करणें म्हणजे नदींत पडलेल्या माणसाचें पोहणें आणि घंगाळांत पाय बुडवून बसलेल्याचें पोहणें एकाच मापानें मोजणें होय.

एक उदाहरण घेऊं. 'मला भूक लागली आहे', 'मला ताप आला आहे', 'मला दोन भाऊ आहेत', 'मला पुस्तक पाहिजे' हीं चार वाक्यें दहा वर्षांच्या मुलापुढें ठेवा. मराठींत चारही ठिकाणीं 'मला' आहे. इंग्रजींत चारही ठिकाणीं 'आय' येतो. मराठींत भूक लागते आणि ताप येतो, म्हणजे माणूस जागच्या जागीं असतो आणि भूक, ताप, भाऊ, पुस्तक यांचें सर्व दळणवळण त्याच्या दिशेनें चालतें. इंग्रजींत तोच माणूस कर्ता होऊन पुढें बसतो. तोच भुकेला असतो, तोच ताप बाळगतो, भाऊही त्याच्याच मालकीचे आणि इच्छाही त्याचीच. हा भेद भिंतीवर चित्र टांगून कसा दाखवावयाचा? दोन वाक्यें शेजारीं शेजारीं मांडलीं म्हणजे तो एका क्षणांत दिसतो, आणि एकदां दिसला म्हणजे मुलाला इंग्रजी तर कळतेंच, शिवाय आपली मराठी काय करते हेंही प्रथमच कळतें. तर्खडकरांच्या पद्धतीचा हा गुण त्यांच्या टीकाकारांना दिसला नाहीं.

ही कल्पना तर्खडकरांची एकट्यांची नव्हे. फादर स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ सालीं गोव्यास आला, आणि १६१६ सालीं त्याचें मराठी क्रिस्तपुराण छापून निघालें. त्यानें कोंकणी भाषेचें जें व्याकरण रचिलें, तें त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं राशोल येथें छापलें गेलें. लेखक इंग्रज, विषय कोंकणी, आणि पुस्तकाची भाषा मात्र पोर्तुगीज. कारण शिकणाऱ्या धर्मोपदेशकांची भाषा ती होती. नवशिक्याला त्याला येणाऱ्या भाषेंत समजावून सांगावें, ही अक्कल साडेतीनशेंहून अधिक वर्षांपूर्वी आमच्याच किनाऱ्यावर वापरली गेली होती.

या पद्धतीचा दुसरा एक गुण शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत नोंदला जाणार नाहीं, पण घरांत त्याची किंमत फार होती. ज्याला मराठी वाचतां येई, त्या कोणालाही ही पाठमाला उघडून धडा घेतां येत असे. नियम मराठींत होता. आईला इंग्रजीचें एक अक्षर येत नसलें तरी मुलानें मराठी वाक्याचें काय केलें हें ती विचारूं शकत होती, आणि नियम वाचून, 'येथें तर असें सांगितलें आहे, तूं तसें कां केलें नाहींस?' असें दटावूंही शकत होती. थोरली बहीण धाकट्याला शिकवी. नोकरींतून सवड काढून एखादा कारकून रात्रीं कंदिलाशीं एकटाच शिके. परभाषेचा दरवाजा घराच्या आंतून उघडत असे. आज तो रस्त्याच्या बाजूनें उघडतो, आणि किल्ली दुसऱ्याच्या हातीं असते. या गोष्टीकडे आम्ही पुन्हा येणार आहों.

आतां दोष. पहिला दोष सर्वांस ठाऊक आहे. वाक्यें नियमासाठीं जन्माला आलेलीं असून तीं कोणी कोणाला उद्देशून बोलत नाहीं. एका वाक्याचा दुसऱ्याशीं संबंध नाहीं. शेजारच्या वाक्यांतील माणसें एकमेकांस ओळखत नाहींत. अशीं पांचशें वाक्यें अचूक करणारा विद्यार्थी स्टेशनावर साहेबाच्या एका प्रश्नापुढें मुका उभा राहतो, तो यामुळें. याच्याशीं ताडून पाहण्यास विल्यम केरीचें मराठी व्याकरण सोयीचें आहे. तें १८०५ सालीं बंगाल्यांत सीरामपूर येथें निघालें. परिचित विषयांवरील संवाद त्याला जोडलेले आहेत, आणि ही गोष्ट पुस्तकाच्या नांवांतच सांगितलेली आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांस मराठी शिकविण्याचें काम केरीकडे होतें, आणि त्याचा मुख्य मराठी पंडित वैजनाथ हा नागपूरकडील होता. म्हणजे मराठी ही परभाषा म्हणून शिकविण्याच्या एका अगदीं पहिल्या प्रयत्नांत बोलण्याचे धडे होते, आणि त्या धड्यांमागें आमच्या विदर्भाचा एक मनुष्य उभा होता. हें वैजनाथाचें ऋण मराठी गद्याचे इतिहासकार एका ओळींत आटोपतात. 'सिंहासन बत्तिशी', 'हितोपदेश' आणि राघोजी भोंसल्यांची वंशावळ हीं त्याचीं पुस्तकें सीरामपुरास छापलीं गेलीं, एवढें सांगून ते पुढें जातात.

दोन पुस्तकांतील हा फरक लेखकांच्या बुद्धीचा नाहीं. कंपनीच्या अधिकाऱ्याला रयतेशीं बोलावयाचें होतें. आमच्या मुलाला परीक्षकाशीं बोलावयाचें होतें, आणि परीक्षक कागदावरच भेटतो. ज्याला जी गरज, त्याला तसें पुस्तक मिळालें. तर्खडकरांना दोष देतांना त्यांच्या काळची परीक्षा विसरणें न्यायाचें होणार नाहीं.

दुसरा दोष मात्र अधिक खोल आहे, आणि तो पुण्यांत बसून दिसत नाहीं. पाठमाला मराठीच्या खांद्यावर उभी राहते हें खरें, परंतु ती मराठी कोणाची? आर्वीच्या मुलाची नव्हे. वर्धा नदीच्या या कांठावरचें मूल आपल्या आईला 'मले भूक लागली' असें सांगतें, 'कां' असें न विचारतां 'काऊन' असें विचारतें, आणि शाळेच्या वाटेवर कोणी हटकलें तर 'मी शायेत जाऊन रायलो' असें उत्तर देतें. ग्रिअर्सन यांच्या हिंदुस्थानच्या भाषिक पाहणीचा सातवा खंड १९०५ सालीं निघाला. त्यांत मराठीच्या इतर बोलींबरोबर वऱ्हाडी आणि नागपुरी यांचेही नमुने आणि त्यांच्या रूपांचें वर्णन दिलेलें आहे. म्हणजे विद्वानांना ही बोली शतकापूर्वींच ठाऊक झाली होती. शाळेच्या पुस्तकाला ती कधींच ठाऊक झाली नाहीं. परिणाम असा कीं, आर्वीचें मूल इंग्रजीचा धडा घेऊन बसतें तेव्हां तें एका वेळीं दोन भाषांतरें करीत असतें. आधीं आपल्या तोंडची भाषा पुस्तकी मराठींत करावयाची, आणि मग ती इंग्रजींत न्यावयाची. पहिल्या भाषांतराला गुण नाहींत, धडा नाहीं, नियम नाहीं. त्याबद्दल मिळतो तो तांबड्या शाईचा फराटा आणि 'अशुद्ध' हा शेरा.

या फराट्याखालीं काय खोडलें जातें, तें नीट पाहण्यासारखें आहे. इंग्रजीच्या नवशिक्याला 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' यांतील भेद कळण्यास पुष्कळ दिवस लागतात. पुस्तकांत पहिल्यासमोर 'मी जातों' आणि दुसऱ्यासमोर 'मी जात आहें' असें छापलेलें असतें. परंतु प्रमाण मराठीच्या रोजच्या बोलण्यांत 'मी जातों' हेंच दोहोंकडे चालतें. 'मी रोज देवळांत जातों' आणि दारांत उभें राहून 'बरें, मी जातों', या दोन वाक्यांतील क्रियापदांत रूपाचा कांहीं भेद नाहीं. आर्वीच्या बोलींत तो आहे. 'मी शायेत जातो' ही रीत झाली. 'मी शायेत जाऊन रायलो' ही या घटकेची गोष्ट झाली. ज्या भेदासाठीं पुण्याच्या विद्यार्थ्याला नियम पाठ करावा लागतो, तो आर्वीच्या विद्यार्थ्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेला आहे. गुरुजी वर्गांत येतात, 'जाऊन रायलो' हें गांवढळ म्हणून खोडतात, त्याच्या जागीं 'जात आहें' हें रूप लिहून देतात, आणि मग त्या परक्या रूपावरून इंग्रजीचें रूप समजावून सांगूं लागतात! धान्याचें कोठार पेटवून त्याच्या उजेडांत उपाशी माणसाला पाकशास्त्राचा ग्रंथ वाचून दाखवावा, त्यांतला हा प्रकार झाला.

अर्थात् दोन्ही भाषांचीं रूपें सर्वत्र जुळतील असें मानणें भोळेपणाचें होईल. आमच्याकडे 'मले समजून नाहीं रायलं' असेंही म्हणतात. समजणें, आवडणें, असणें या क्रियांस इंग्रजी सहसा तें रूप लावूं देत नाहीं, आणि मग 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' असें वाक्य तयार होतें, ज्याला शहाणे लोक हंसतात. परंतु तेंही वाक्य अज्ञानांतून आलेलें नाहीं. एका चांगल्या नियमाचें तें एक पाऊल पुढें गेलेलें आहे. 'येथवर तुझी बोली आणि इंग्रजी बरोबर चालतात, येथून पुढें त्यांच्या वाटा फुटतात', एवढी रेघ ओढून देणारें पुस्तक असतें तर ती चूक एका धड्यांत मिटती. अशी रेघ ओढण्यास मुलाची बोली लेखकाला ठाऊक असावी लागते.

उच्चारांची गोष्ट तर गंमतीची आहे. आर्वीचें मूल 'पानी' म्हणतें आणि 'डोया' म्हणतें. त्याच्या जिभेवरून 'ण' आणि 'ळ' हे वर्ण सरकतात. हे दोन वर्ण नीट यावेत म्हणून शाळेचीं पहिलीं वर्षें खर्ची पडतात. प्रमाण मराठीसाठीं हें आवश्यक आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु पुढें ज्या इंग्रजीसाठीं हा सर्व खटाटोप, तिच्या वर्णमालेंत 'ण' आणि 'ळ' या वर्णांना जागाच नाहीं! उलट इंग्रजीच्या 'टी' आणि 'डी' या अक्षरांचे उच्चार आमच्या 'ट' आणि 'ड' यांहून निराळे, त्यांत जीभ वळवावी लागत नाहीं. ही गोष्ट मात्र फार थोड्या मराठी पाठ्यपुस्तकांत नवशिक्याला सांगितलेली असते. जें लागणार नाहीं त्यावर कटाक्ष आणि जें लागणार त्याबद्दल मौन, हें पहिल्या पुस्तकाचें लक्षण होऊन बसलें आहे.

व्याकरणापलीकडचें एक अंग राहिलें. विदर्भांत वडीलधाऱ्या माणसाला उत्तर देतांना 'हो जी', 'नाहीं जी' म्हणतात. या एका अक्षरांत अदब आहे, आणि जिव्हाळाही आहे, वेठबिगार नाहीं. भाषांतराच्या पुस्तकाला हें अक्षर कोठें ठेवावें तें कळत नाहीं, म्हणून तें गळतें, आणि त्याच्या जागीं 'सर' येतो. 'सर' या शब्दांत कचेरीचा वास आहे. आजीला कोणी 'सर' म्हणणार नाहीं. तसेंच 'आम्ही' आणि 'आपण' यांचें. 'आम्ही जाऊं' म्हटलें म्हणजे ऐकणारा बाहेर राहिला, 'आपण जाऊं' म्हटलें म्हणजे तो आंत आला. इंग्रजीचा 'वुई' दोघांना एकाच पोत्यांत घालतो. 'तूं', 'तुम्ही' आणि 'आपण' या तीन पायऱ्या 'यू' या एका सपाट अंगणांत उतरतात. परभाषा शिकतांना काय मिळतें याचा हिशेब पुस्तकें देतात. वाटेंत काय खालीं ठेवावें लागतें, याची एक ओळ तरी पहिल्या पुस्तकांत असावी. मुलाला त्यांतून परकी भाषा खरोखर परकी आहे हें कळतें, आणि आपली भाषा दरिद्री नाहीं हेंही कळतें.

कोणी म्हणेल, खेड्यांतल्या बोलीच्या जोरावर का परभाषा येते? त्याला आर्वीचाच इतिहास दाखवावा. या गांवाला पूर्वीं आर्वी तेलंगराव म्हणत. तेलंगराव वली नांवाच्या पुरुषानें तें वसविलें आणि त्याच्या समाधीला हिंदु व मुसलमान दोघेही भजतात, असें इंग्रजी अमदानीच्या गॅझेटिअरांत नमूद आहे. ज्याच्या मूळपुरुषाच्या नांवांतच 'तेलंग', 'राव' आणि 'वली' असे तीन मुलखांचे शब्द नांदतात, तें गांव परक्या शब्दाला बिचकणारें नव्हे. येथें कापसाचे जीन आणि प्रेस उभे राहिले, आणि १९१७ सालीं पुलगांवापासून आर्वीपर्यंत पस्तीस किलोमीटरची अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली. ती आतां बंद पडलेली आहे. परंतु तिनें आणलेले शब्द राहिले. टेसन, तिकीट, गार्ड, शिंगल, इंजिन हे शब्द हमालानें आणि गाडीवानानें कोणत्याही पाठमालेवांचून उचलले. उचलले एवढेंच नव्हे, तर त्यांस मराठी विभक्ति लावल्या. 'टेसनावर', 'तिकिटाले' हीं रूपें कोणी शिकविलीं? स्टेशन नपुंसक आणि मोटार स्त्री, हा निवाडा कोणत्या पंडितानें दिला? निरक्षर माणसाच्या तोंडीं असलेलें हें व्याकरण परक्या शब्दाला दारांत अडवीत नाहीं. आंत घेतें आणि घराच्या रिवाजाप्रमाणें बसवितें. अशा माणसाच्या मुलाला शाळेंत 'तुला भाषाच येत नाहीं' असें सांगणें हा उफराटा न्याय आहे.

प्रौढपणीं परभाषेचा आरंभ करणाऱ्या दोन मराठी पुरुषांचा याच जिल्ह्याशीं संबंध आहे, तो येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. धर्मानंद कोसंबी हे गोव्याचे. बुद्धाच्या धर्माचा शोध घेत ते विसाव्या शतकाच्या आरंभीं सिंहलद्वीपाला गेले आणि तेथें पाली शिकले, पुढें अमेरिकेंत हार्वर्ड येथें 'विशुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचें काम त्यांनीं केलें, आणि १९४७ सालीं सेवाग्राम येथें त्यांनीं देह ठेविला. विनोबा भावे १९३८ पासून पवनारला राहिले. शाळेंत त्यांची परभाषा फ्रेंच होती. पुढें बेचाळीसच्या चळवळींत वेलोरच्या तुरुंगांत असतांना त्यांनीं तमिळ, तेलुगु, कन्नड आणि मल्याळम् या चारही भाषा एकत्र शिकावयास घेतल्या. आणि कुराण मुळांतून वाचण्यासाठीं अरबीही शिकले. या दोघांची बुद्धि असामान्य होती, म्हणून त्यांची वाट सर्वांस खुली आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वाट पाहण्यासारखी आहे. पालीकडे जाणाऱ्या कोसंबींच्या गांठीं संस्कृत होतें. दक्षिणेच्या भाषा शिकणाऱ्या विनोबांच्या गांठीं संतवाङ्मय आणि संस्कृत होतें. ठाऊक असलेल्याच्या काठावर पाय रोवून ते ठाऊक नसलेल्यांत उतरले. मातृभाषेला बाहेर उभी करून कोणीही आंत गेला नाहीं.

आणि आज काय चाललें आहे? महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी शाळांतही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविलें जाऊं लागलें. पुढें तालुक्याच्या गांवांपर्यंत इंग्रजी माध्यमाच्या शाळा पोंचल्या. इंग्रजी लवकर शिकवावें कीं उशिरा, हा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. आमचा मुद्दा पुस्तकाचा आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या हातीं जें पुस्तक येतें, तें इंग्रजी ही परभाषा आहे हेंच मान्य करीत नाहीं. त्यांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत इंग्रजी. नियम इंग्रजींत, सूचना इंग्रजींत, चित्राखालचें नांव इंग्रजींत. मुलाला कळलें नाहीं तर तें आईकडे जातें. आई पदवीधर असेल, तिनें मराठींतून सर्व शिक्षण उत्तम रीतीनें केलेलें असेल. परंतु त्या पुस्तकांत तिच्यासाठीं एक ओळही छापलेली नाहीं. ती पुस्तक मिटते आणि मुलाला शिकवणीला पाठविते. तर्खडकरांच्या काळीं इंग्रजी न येणारी आई मुलाचा इंग्रजीचा धडा घेऊं शकत होती, आणि आज इंग्रजी वाचतां येणारी आई तो घेऊं शकत नाहीं, याला प्रगति म्हणावयाचें असल्यास म्हणावें. मूल मात्र त्या दिवशीं घरून एक गोष्ट शिकून जातें: आईला कांहीं येत नाहीं. हा धडा कोणत्याही अभ्यासक्रमांत नाहीं, पण इतका पक्का दुसरा कोणताच होत नाहीं.

२०२५ सालीं पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून शिकविण्याचे आदेश निघाले, त्यावर रान उठलें, आणि जून महिन्याच्या अखेरीस ते मागें घेण्यांत आले. त्या गदारोळांत कोणती भाषा आणि कोणाच्या हुकमानें, यावर पुष्कळ बोललें गेलें. सहा वर्षांच्या मुलाला दुसरी भाषा कशाच्या आधारानें शिकवावयाची, त्याच्या हातचें पुस्तक कसें असावें, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. वर्ध्याला १९३६ पासून राष्ट्रभाषा प्रचार समिति आहे, आणि तिच्या परीक्षांना हजारों मराठी माणसें स्वखुषीनें बसलीं. तेथें हुकूम नव्हता, हौस होती, आणि शिकणारा जाणता होता. आतां त्याच वर्ध्याला हिंदी विश्वविद्यालय आहे, आणि तेथें चिनी, जपानी, फ्रेंच, स्पॅनिश या भाषाही शिकवितात. आर्वीचा एखादा विद्यार्थी तेथें चिनी शिकावयास बसला, तर तो आपल्या बोलींतून पुस्तकी मराठींत, तींतून हिंदींत, आणि तेथून चिनींत असा तीन नद्या ओलांडून जाणार. पोंचेलही, आमचीं मुलें चिवट आहेत. पण पूल बांधणाऱ्यांनीं त्याचें कौतुक करून मोकळें होऊं नये.

वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावती जिल्ह्यांत, रिद्धपूर आहे. तेथें तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं लीळाचरित्र रचिलें. ज्यांच्या लीळा त्यांत आहेत ते चक्रधरस्वामी महानुभावांच्या परंपरेप्रमाणें गुजराथचे. म्हणजे मराठी गद्याच्या या आद्य ग्रंथाच्या केंद्रस्थानीं जो पुरुष आहे, त्याला मराठी ही परभाषाच होती. त्यानें ती ग्रंथांतून शिकली असेल हें संभवत नाहीं. लोकांत हिंडून, त्यांच्या ओट्यावर बसून शिकली असावी. त्या रिद्धपुरास २०२४ सालीं मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालें. मोठमोठे कोश आणि संशोधनपत्रिका तेथून निघतीलच; परंतु आमची पहिली मागणी एका लहान पुस्तकाची आहे. मराठी मुलासाठीं परभाषेचें पहिलें पुस्तक तेथें तयार व्हावें. त्याची रीत तर्खडकरांची असावी, म्हणजे नियम मराठींत आणि वाक्यें दोन्हीं अंगांनीं. त्यांतील माणसें केरीच्या संवादांतल्याप्रमाणें एकमेकांशीं बोलणारीं असावीत. आणि प्रत्येक पानाला दोनांऐवजीं तीन रकाने असावेत. पहिल्या रकान्यांत 'मी शायेत जाऊन रायलो', दुसऱ्यांत 'मी शाळेंत जात आहें', तिसऱ्यांत 'आय ॲम गोइंग टु स्कूल'. कोंकणांतील आवृत्तींत पहिला रकाना मालवणी होईल, खानदेशांत अहिराणी होईल. मधला आणि शेवटला सर्वत्र एकच राहील. पहिल्या रकान्यावर कोठेंही तांबडी शाई नसावी.

खर्चाचा बाऊ करण्याचें कारण नाहीं. असा पहिला भाग शंभर-सवाशें पानांत बसेल. लेखकाची अडचण मात्र खरी आहे. व्याकरण येणारे पुष्कळ आहेत, इंग्रजी येणारे त्याहून पुष्कळ आहेत, आणि बोली येणाऱ्यांना आपली बोली येते हें सांगावयाची लाज वाटते. यासाठीं लेखकानें एखाद्या बाजाराच्या दिवशीं आर्वीला जाऊन कापसाच्या गाड्यांपाशीं नुसतें ऐकत बसावें. पहिल्या दहा धड्यांचीं वाक्यें त्याला घरीं बसून रचावीं लागणार नाहींत.